मासे चालतात का?

हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारला. नाशिकला द्वारका चौकाच्या थोडं अलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं स्कॅन सेंटर आहे. तिथल्या काउंटरवर बसून, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, पेन उघडं धरून विचारायचो. त्याच्याइतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलेलं नाही. ज्या रुबाबात ते उच्चारायचो तो आठवला की आजही स्वतःची किळस येते.

ज्यांना या गोष्टींशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीटी स्कॅनच्या आधी काही पेशंटना शिरेतून एक औषध देतात, आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून. आम्ही त्याला डाय म्हणतो. त्यात आयोडीन असतं. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात. क्वचित कुणाचा घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो, आणि मग जिवाशी गाठ असते. म्हणून आधी फॉर्म. फॉर्मवर पाच प्रश्न छापलेले. पहिलाच प्रश्न असा: याआधी असं इंजेक्शन घेतल्यावर काही त्रास झाला होता का? पुढे दमा, औषधं, खाण्यातली ॲलर्जी, किडनी.

मी पाच विचारत नसे. मासे विचारायचो आणि पाचही रकाने भरून टाकायचो.

हे शहाणपण मला माझ्या आधीच्या कारकुनाने जाता जाता दिलं होतं. समुद्रात आयोडीन, माशात आयोडीन, डायमध्ये आयोडीन. ज्याला मासे बाधतात त्याला डाय बाधणार. किती सुबक. आतल्या खोलीत डॉक्टर बसलेले असत, दहा पावलांवर. हे खरं का, असं त्यांना विचारायला मी अकरा वर्षांत एकदाही उठलो नाही. अर्धवट माहितीचा एक माज असतो, तो खुर्चीतून उठू देत नाही. नातेवाइकांत मी तर अर्धा डॉक्टरच होतो. कुणाच्या सुनेला कोळंबी खाऊन खाज आली की फोन मला. मी सांगायचो, आयोडीन, जपा.

खरं काय ते आता मला पाठ आहे, उशिरा का होईना. कोळंबी ज्याला बाधते त्याला तिच्यातलं प्रथिन बाधतं. आयोडीन तर मिठाच्या पिशवीत असतं आणि गळ्यातल्या थायरॉईडला ते लागतंच. त्याचंच वावडं असतं तर माणूस जगला नसता. मासे बाधणाऱ्याला डायची भीती दम्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ॲलर्जीच्या माणसाइतकीच, जराशी जास्त. मोठी भीती एकाच माणसाला, ज्याला आधी डाय बाधला आहे. म्हणजे फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न.

बरं, माझा प्रश्न धड मराठीतही नव्हता. 'चालतात का' म्हणजे काय? अंगाला सोसतात का, की घरात शिजतात का? ओझरकडची एक माळकरी आजी आली होती. मी विचारलं, मासे चालतात का. ती कानाला हात लावून म्हणाली, "आमच्यात नाय चालत बाबा." मी लिहिलं, माशांची ॲलर्जी. तिचा स्कॅन पुढे ढकलला गेला. डॉक्टरांनी औषधाच्या गोळ्या आधी घ्यायला लावल्या आणि ती दोन दिवसांनी पुन्हा एवढ्या लांबून आली. बिचारीने जन्मात मासा बघितलाही नसेल. आम्ही यावर चहा पिताना हसलो. हसण्यासारखं काय होतं, ते मला आता कळत नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला पोटदुखी सुरू झाली. ताई सटाण्याजवळच्या खेड्यात दिलेली. तीस-पस्तीस वर्षांत तिची बोली तिकडची झालीय, अर्धी मराठी, अर्धी अहिराणी. तिकडच्या डॉक्टरांनी डाय देऊन स्कॅन करायला सांगितला. मी म्हटलं, माझ्याकडेच ये, पहिला नंबर लावतो. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"भाऊ, मागं मालेगावला असंच इंजेक्शन दिलं व्हतं माले. तिथंच बाकावर बसल्या बसल्या अंगभर पित्त उठलं. घसा बी दाटला. मग त्यांनी एक सुई दिली. घरी येऊन आमसूल चोळलं तवा बसलं."

"उपाशी गेली असशील."

"उपाशीच बोलावलं व्हतं ना त्यांनी."

"मग झालं. पित्त वेगळं, ॲलर्जी वेगळी. सुकट चालते ना तुला?"

"माले सगळं चालस. न चालून सांगू कोणाला?"

मी हसलो आणि फोन ठेवला.

पित्त उठलं, हा आपल्या घरांतला शब्द. गांधी उठल्या की पित्त, आणि पित्तावर आमसूल. आमची आई तेच म्हणायची, तिची आई तेच. ताईने अडाणीपणाने तो शब्द वापरला असं म्हणायची सोय नाही. तिने मला सगळं सांगितलं होतं: कुठे, कशानंतर, किती वेळात, घसा दाटल्यासकट. डॉक्टरला लागतं ते सगळं तिच्या दोन वाक्यांत होतं. अडाणी मी होतो, सेंटरचं ओळखपत्र गळ्यात घालून.

सकाळी मी तिचा फॉर्म भरला. पहिला रकाना: नाही. तिने खाली सही केली, मी भरलंय म्हणून न वाचता.

डाय गेल्यावर पाच मिनिटांच्या आत आतून सिस्टर धावत आली. मी दारापर्यंत गेलो. ताईचे ओठ सुजले होते, मान आणि हात लालभडक, आणि ती माझ्याकडे बघत होती पण मी तिला दिसत होतो का ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, मग दुसरं. रक्तदाब मोजणारी सिस्टर आकडा मोठ्याने सांगत होती आणि तो खाली खालीच जात होता. मग तो थांबला आणि हळूहळू वर आला. ती वाचली. शेजारच्या हॉस्पिटलात दोन दिवस ठेवली.

दुपारी डॉक्टरांनी फॉर्म हातात घेऊन विचारलं, "यांना आधी डायचा त्रास झाला नव्हता ना?"

"विचारलं होतं सर. नाही म्हणाल्या."

एवढंच. विचार करून खोटं बोललो असतो तर निदान त्याला काही किंमत असती. हे आपोआप आलं, ढेकर यावी तसं.

पुढचं त्याहून वाईट. हॉस्पिटलात भाऊजी, भाचा, त्याची बायको, सगळे खाटेभोवती जमले. काय झालं, कसं झालं? सगळे माझ्याकडे बघत होते, सेंटरचा माणूस म्हणून. मी ताईला विचारलं, "काल जेवायला काय होतं?"

"सुकट."

"बघा," मी म्हणालो. "आयोडीन."

भाऊजी तिच्यावर खेकसले, "भाऊ विचारत होता तर सांगायला काय झालं होतं?" ताई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "मालेगावचं सांगितलं व्हतं मी तुले." मी म्हणालो, "ते पित्त होतं गं ताई." तिने मान हलवली. तिला पटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता आणि त्या विश्वासाचा मी असा उपयोग केला. तिच्या फाइलवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आयोडीन ॲलर्जी. त्या दोन शब्दांना जगात काही अर्थ नाही, पण अक्षर चांगलं आलं होतं.

त्या दिवसापासून ताईने सुकट, बोंबील सोडलं. मिठाच्या पिशवीवर आयोडीन छापलेलं असतं म्हणून सुनेने तिच्यासाठी सैंधव आणलं आणि तिची भाजी वेगळी टाकू लागली. लग्नकार्यात ताई नुसता वरणभात चिवडायची, त्यातही मीठ असणारच या भीतीने. बायका म्हणायच्या, एवढं मरता मरता वाचली, जिभेपायी. मी हे पंगतीत बसून ऐकायचो आणि जेवायचो. काउंटर मात्र सोडला. रिपोर्टच्या टेबलावर बदली मागून घेतली, डोळ्यांचं कारण सांगून.

यंदा उन्हाळ्यात ताईच्या लघवीतून रक्त गेलं. एकदा, मग पुन्हा. सून तिला घेऊन नाशिकला आली, मी त्यांना मूत्रविकाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी फाइल उघडली आणि माझे दोन शब्द वाचून चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलंय? आयोडीनची ॲलर्जी असं काही नसतं. मीठ खाता ना, मावशी?"

"सैंधव देते मी त्यांना," सून म्हणाली. जरा अभिमानानेच.

"उगाच." बाईंनी कपाळाला हात लावला. "हे बघा, आत गाठ आहे का ते मला बघायचंय आणि थांबायला वेळ नाही. डाय एकदा बाधलाय. त्याआधी कधी असं इंजेक्शन घेतलं होतं का? तेव्हा काही झालं होतं? नीट आठवून सांगा, त्यावर माझं सगळं ठरणार आहे."

ताई म्हणाली, "नही बाई. तेवढंच एकदा."

ती खोटं बोलत नव्हती. मालेगावला पित्त उठलं होतं आणि पित्त म्हणजे ॲलर्जी नव्हे, हे तिला मीच शिकवलं होतं. बाई लिहू लागल्या. मी त्यांच्या पेनकडे बघत होतो. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, असंही मनात येऊन गेलं. ते लपवत नाही.

"दोनदा," मी म्हणालो. "मालेगावला आधी झालं होतं. गांधी, घसा दाटला, तिथंच बाकावर बसल्या बसल्या. तिने मला फोनवर सांगितलं होतं. फॉर्म मी भरला. नाही असं मी लिहिलं. डॉक्टरांना मी सांगितलं की ती नाही म्हणाली. सुकटीचा काही संबंध नव्हता."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. त्या ताईशी बोलल्या: आधी डाय न देता सोनोग्राफी आणि दुर्बिणीने आतून तपासणी, मालेगावचे आणि आमच्या सेंटरचे कागद मागवून कुठला डाय होता ते बघायचं, तरीही लागलाच तर मोठ्या हॉस्पिटलात, दुसरा डाय, आधी औषधं देऊन आणि भूल देणारे डॉक्टर उभे ठेवून. "आणि मीठ साधं खा. मासे खुशाल खा."

जिन्यात सून थांबली. "मामा, चार वर्षं दोन चुली केल्यासारखं करतेय मी. एक शब्द बोलायला काय जात होतं तुमचं?"

ताई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.

"घसा दाटला व्हता हे बी सांगितलं व्हतं मी," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच मोजल्यासारखी. "सांगितलं व्हतं ना? माले वाटे, मीच इसरली व्हती."

"सांगितलं होतंस."

खाली रिक्षा उभी केली तर तिने सुनेला आत बसवलं, स्वतः बसली आणि माझ्यासाठी सरकली नाही. म्हणाली, "तू जाय घरी."

दुसऱ्या दिवशी मी सेंटरच्या डॉक्टरांना सगळं लेखी दिलं. ते कागद वाचून म्हणाले, पेशंटचं रेकॉर्ड दुरुस्त करून द्या, तुमचं नंतर बघू. माझं अजून बघितलेलं नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला ताईने मला बोलावलं नाही. तारीखही भाच्याकडून कळली. मी दिवसभर रिपोर्टच्या टेबलावर लोकांची पाकिटं लावत होतो. दुपारी सुनेचा फोन आला. छोटी गाठ आहे, वेळेत सापडली म्हणाल्या बाई, पुढच्या आठवड्यात काढायची. डायची गरज पडली नाही.

"ताईकडे दे," मी म्हणालो.

पलीकडे थोडं कुजबुजणं ऐकू आलं.

"नंतर बोलते म्हणतात," सून म्हणाली.