शेळीची गोष्ट वाचली ती वर्षं

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. 'आई' नाही, 'पाणी' नाही. तहान लागली की माठाजवळ जाऊन उभी राहायची, आणि कुणाचं लक्ष गेलं नाही तर तशीच उभी राहायची.

तेव्हा आम्ही भिवंडीत एका चाळीत, तळमजल्याच्या खोलीत राहत होतो. समोर बोळाएवढी जागा सोडून लूमचा कारखाना. दिवसाची शिफ्ट संपली की रात्रीची. खटखट थांबायची ती शुक्रवारी, नाहीतर लाइट गेली की. आमच्या गल्लीत सगळेच मोठ्याने बोलायचे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथे भांडणं चाललीत. सासूबाई म्हणायच्या, "ह्या आवाजात पोर बोलणार कशी? तिला माणसाचा शब्दच ऐकू येत नसेल."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला ते खरं असायला हवं होतं. दोष आवाजाचा असेल तर आवाजापासून लांब जाता आलं असतं.

ठाण्याला डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवली. ती वळली. "कान उत्तम आहेत," ते म्हणाले. "काही मुलं उशिरा बोलतात. तुम्ही तिच्याशी बोलत राहा. चित्रांची पुस्तकं दाखवा, मोठ्याने वाचून दाखवा. रोज."

आमच्या घरात पुस्तक म्हणावं असं काही नव्हतं. हे एका कारखान्यात कापडाचे तागे तपासायचे. संध्याकाळी घरी येताना रद्दीच्या दुकानातून एक पातळसं पुस्तक घेऊन आले. कव्हर निघालेलं, पण आतली चित्रं छान होती. एक शेळी बाजारात जाते आणि दिसेल ते खाते. भाजीवालीचे मुळे खाते, मग टोपलीच खाते, मग एका गृहस्थांची टोपी. प्रत्येक पानावर कुणीतरी ओरडतं, "अगं अगं शेळीबाई!"

मी सातवी शिकलेली. मोठ्याने वाचायची सवय शाळेबरोबरच सुटली होती. पहिल्या दिवशी दार लावून घेतलं, तिला मांडीवर बसवलं आणि लूमच्या वरताण आवाज काढून वाचायला लागले. ती चित्राकडे बघेना. पुस्तकाच्या मधल्या टाचण्या गंजल्या होत्या, त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. मी तिची हनुवटी धरून तोंड शेळीकडे वळवलं. हात काढला की मान परत टाचण्यांकडे.

तरी रोज वाचायचे. घसा बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, रोज.

शेजारच्या खोलीत एक कोकणी मुसलमान कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्या मुलीहून थोडी मोठी, पाचेक वर्षांची. एका शुक्रवारी लूम बंद होते, माझा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार. ती दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "ये, बैस." ती आली ती सरळ माझ्या दुसऱ्या गुडघ्याला टेकून बसली. शेळीने टोपी खाल्ली तेव्हा एवढी हसली की तिची आई बघायला आली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. पुस्तक लहान, चटकन संपायचं. तिला ते पुरायचं नाही.

"काकी, बकरीने और काय खाल्लं?"

"पुस्तकात एवढंच आहे गं."

"पुस्तकात नसू दे. आपल्या गल्लीत आली तर काय खाईल?"

मग आम्ही शेळीला आमच्या गल्लीत आणलं. तिने लूमवरची सुताची कांडी खाल्ली. सेठचा चष्मा खाल्ला. वाळत घातलेल्या लुंग्या खाल्ल्या. एकदा त्या मुलीने शेळीला कारखान्याची मोटर खायला घातली, आणि शेळी पोटातून खटखट वाजायला लागली. ती खोलीभर शेळी होऊन फिरायची, मी भाजीवाली होऊन ओरडायचे. आमचं ते तासभर चालायचं. माझी मुलगी उंबऱ्याजवळ बसून फरशीच्या फटीत बोट घालत असायची. मी तिला आत ओढून आणायचे, म्हणायचे, "बघ, शेळी बघ, ही बघ कशी करते." ती हात सोडवून घ्यायची. रागाने नाही. नुसतीच.

उन्हाळ्यात मी तिला घेऊन माहेरी गेले. माझं माहेर अंबाडीच्या पुढे, आत एका खेड्यात. एसटीतून उतरून चालायला लागलो तशी कानांना ती शांतता टोचायला लागली. मला फार बरं वाटलं. आता हिला ऐकू येईल, सगळं ऐकू येईल.

आईने नातीला कडेवर घेतलं. म्हणाली, "बोलंल गं. तिचा मामा पन उशिरा बोललेला हाय. तू काय घाबरू नको, काय होत न्हाय."

मी सकाळ-संध्याकाळ वाचायचे. ओरडायची गरजच नव्हती. इतकं हळू वाचलं तरी चालत होतं की मला माझाच आवाज परका वाटायचा. आवाज बदलून वाचलं, गाऊन वाचलं, भाऊबंदांची पोरं जमवून वाचलं. मे महिना संपत आला.

एका संध्याकाळी पडवीत आम्ही दोघीच होतो. मी वाचत होते, "शेळीने मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि..." इथे मी मुद्दाम थांबले. शेजारची मुलगी असती तर तिने माझा हात हलवला असता. ही पुढचा शब्द बोलणार नाही हे मला माहीत होतं. पण मान वर करेल, नुसती बघेल, आई का थांबली म्हणून, एवढंच मला हवं होतं. मी वाट पाहिली. ती पुस्तकाच्या टाचणीवरून बोट फिरवत होती. मी थांबलेय हे तिला कळलंच नाही. मी वाचत होते हेही तिला कधी कळलं नसावं.

आईने आतून विचारलं, "काय गं, गप का झालीस?"

"काही नाही," मी म्हटलं. पुस्तक मिटलं. समोर शेतं नांगरून पडली होती, कुठेही काही आवाज नव्हता. तिथे मला पहिल्यांदा लूमची आठवण आली. ते वाजत असताना निदान दोष द्यायला काही होतं.

भिवंडीला परतलो. सासूबाईंनी विचारलं, "बोलली का काही?" ह्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशव्या आत नेल्या.

जूनमध्ये शेजारची मुलगी शाळेत जायला लागली. काही महिन्यांनी तिची आई वाडगाभर खीर घेऊन माझ्याकडे आली. "बाईंनी वर्गात उभं केलं हिला," ती म्हणाली. "सगळ्यांना गोष्ट सांग म्हणाल्या. हिने शेळीची सांगितली, आणि किती लांबवली! बाई विचारत होत्या, घरी कोण शिकवतं? मैं बोली, हमारी बाजूवाली शिकवते."

तिला खरंच आनंद झाला होता. मी वाडगा घेतला, "गुणी आहे हो तुमची पोरगी" म्हटलं. ती गेल्यावर मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि रडले.

पुढच्या वर्षी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ही बोलेल याची आशा धरू नका. "आम्ही वाचून दाखवतो रोज," हे म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते कधी वाचत नसत. डॉक्टर म्हणाले, "दाखवा ना. नुकसान काहीच नाही."

त्यानंतर मी वाचलं नाही. ठरवून सोडलं असं नाही. एक दिवस राहून गेलं, मग दुसरा. शेजारचे खोली विकून दुसरीकडे राहायला गेले. पुस्तकासाठी आता दारात कुणी येईना.

मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर कल्याणला अशा मुलांच्या एका वर्गात तिचं नाव घातलं. मी रोज एसटीने तिला घेऊन जायचे आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसायचे. तिथल्या तरुण बाईंनी एकदा विचारलं, "घरी वाचून दाखवता का तिला?"

"हो," मी म्हटलं.

"छान. हे घेऊन जा, नवीन आलंय." त्यांनी एक पुस्तक दिलं. कोरं, गुळगुळीत, भडक रंगांचं.

परतताना बस वाटेतल्या कोन गावाजवळ बराच वेळ अडकून राहिली. मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचलं. गोष्ट चांगली होती. दुसऱ्या दिवशी ते मी परत करून टाकलं.