रानडुकरांसाठी निवडलेला प्लेअर

परवा जुनी ट्रंक उघडली, सरकीचा वास नाकात गेला आणि तळाशी तो तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर दिसला. बीटी कापसाचे दिवस होते, मोताळ्याकडच्या आमच्या शेतात रानडुकरं हत्तीएवढी माजली होती, म्हणून काकाची आरोळी त्यात भरून भोंग्याला जोडायचं ठरलं. अडलं ते प्लेअरवर, म्हणजे आरोळी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एकात पडद्यावर रंगीत लाटा नाचायच्या, पण बॅटरी तासाभरात झोपायची. दुसऱ्यात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, पण तीच आरोळी उजाडेपर्यंत चालायची. मी लाटांवर भाळलेलो. काका खेकसला, “डुकरं काय चित्रं पाह्याले येऊन राह्यले का बे? काळा लाव!” लावला. “हाऽऽड!” ऐकून डुकरं सातपुडा ओलांडून पार मध्य प्रदेशात पळाली. एका झाडाला धक्का नाही. वेचणीला बोंडं फोडली, तर आत अळ्या. या बियाण्याले अळी शिवतच नाही, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. काका भोंग्याकडे पाहत म्हणाला, “अळीले कान नसतात, लेका.” त्या साली शेत विकलं आणि काका खामगावच्या एका जिनिंगवर वॉचमन झाला, दुसऱ्यांचा कापूस राखायला. तिथंच तो गेला. परवा मी प्लेअर लावला. काळ्या पडद्यातला काका अजून आपलंच शेत राखतो आहे.