कातरलेला कोपरा

निमोण्याची बानूबाई कुणाचं वाईट चिंतत नाही, असं तिच्याबद्दल कुणीच म्हणत नाही. ती चिंतते, आणि तोंडावर सांगून चिंतते. वीस वर्षांपूर्वी तिची मेंढी ज्यानं लांबवली, त्याच्या घरचं पाणी ती आजही पीत नाही. तो माणूस मरून सात वर्षं झाली.

नवरा गेणबा मात्र गरीब गाय. मेंढरं विकून त्यानं कांद्याचं रान धरलं, तेव्हा बानूबाईची मेंढरं सुटली पण सवय सुटली नाही. दोन कळप एकमेकांत मिसळले की कानाच्या कातरीवरून आपलं मेंढरू ओळखायचं, ही त्यांची जुनी रीत. बानूबाईला वाचता येत नाही. आधारच्या, पासबुकाच्या झेरॉक्स तिला सगळ्या सारख्याच. म्हणून ज्याला कागद द्यायचा त्याच्या नावानं ती कात्रीनं कोपऱ्यात खाच पाडायची. डेअरीची खाच वर उजवीकडं, सोसायटीची वर डावीकडं. तिच्या लेकीला, पूनमला, याची भारी लाज वाटे.

"आई, कागद हाय त्यो, मेंढरू न्हाई."

"मिसळलं तर कळंल कुणाचं त्ये," बानूबाई म्हणायची.

पूनमचा दौंडकडच्या एका फार्मसी कॉलेजात नंबर लागला. घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. फीसाठी शिक्षणाचं कर्ज काढायचं ठरलं, सहकर्जदार म्हणून आईचं नाव लागलं. फॉर्म भरायला मायलेकी शिरूरला स्टँडजवळच्या विश्वजीतच्या दुकानात गेल्या. पोरगा लाघवी. चहा मागवला, कागद घेतले. बानूबाईचा फोन मागून घेतला आणि त्यावर येणारे आकडे स्वतःच वाचून भरले. मग आपला मोबाइल तिच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "मावशी, जरा पापणी हलवा." बानूबाईनं हलवली.

पंधरा दिवसांनी बँकेतल्या साहेबांनी फाइल परत दिली.

"सिबिलमध्ये, कर्जाच्या नोंदीत, अडकलंय तुमचं. तुमच्या नावावर दोन महागडे मोबाइल आणि एक मोटरसायकल उचललीय. एवढं कर्ज डोक्यावर असताना नवं मिळणार नाही."

बानूबाईनं पिशवीतून रबर बांधलेला बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. साहेबांना सगळं समजलं, पण कॉम्प्युटरपुढं त्यांचा इलाज नव्हता. ज्या फायनान्स कंपनीचं कर्ज होतं तिचं ऑफिस दौंडला, आणि फी भरायला उरले होते बारा दिवस.

दुसऱ्या दिवशी ती न्हावऱ्याला गाडी बदलून दौंडला गेली आणि त्या ऑफिसात ठाण मांडून बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी उठली नाही. शेवटी तिथल्या करुणा नावाच्या मुलीला कीव आली म्हणा, कंटाळा आला म्हणा, तिनं स्क्रीन फिरवली. "मावशी, कागद तर तुमचेच आहेत, पापणी हलवून ओळखही तुम्हीच पटवलीय. हे बघा."

बानूबाईनं अक्षरांकडं पाहिलंच नाही. खाली डावीकडं, कोपऱ्यात, दोन काळे दात दिसत होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की खाच काळी उतरते.

"ह्यो कान म्या इश्वजीतसाठी कातरला हुता," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला न्हाई."

करुणानं तक्रारीचा कागद लिहून दिला. पोलिसांत द्या म्हणाली, मग नोंद दुरुस्त होईल, पण त्याला महिना लागेल.

ही बातमी विश्वजीतला लागायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी सकाळीच तो वडिलांना, पोपटरावांना, घेऊन निमोण्याला आला. ओट्यावर मान खाली घालून बसला.

"मावशी, चुकलं. कर्ज तुम्हीच काढलं हुतं एवढं लिहून द्या. मी आजच सगळं भरतो. पूनमची फी बी मीच भरतो."

"घे की," गेणबा हळूच म्हणाला. "पोरीचं वरीस वाचंल."

पूनम दारात उभी होती. तिचे डोळे आईला विनवत होते आणि बानूबाईला ते दिसत होते.

"आजून किती जनांचे कागद हायेत तुज्याकडं?" बानूबाईनं विचारलं.

विश्वजीतनं वडिलांकडं पाहिलं.

"उठा," ती म्हणाली.

गावात पुढं लोक म्हणाले, बाईनं समाजाचा विचार केला. कसला समाज? त्या घडीला तिला फक्त ती पापणी आठवत होती. आपल्याच डोळ्यानं आपल्याला लुटलं याचा तिला एवढा संताप आला होता की त्यापुढं लेकीचं वर्षही तिला लहान दिसलं.

त्याच दिवशी तिनं शिरूरला तक्रार दिली. मग त्या दुकानाच्या बाकावर पाहिलेली तोंडं आठवून आठवून ती गावं धुंडाळत फिरली. इनामगावात दोघं सापडले. केंदूरला राबिया सापडली. लेकीसाठी, सायमासाठी, तिनंही तिथंच फॉर्म भरला होता. राबियाच्या कागदांवर विश्वजीतनं मागितलेलं कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं. बानूबाईनं धावपळ करून ते तिथंच रोखलं.

नऊ तक्रारी झाल्या आणि विश्वजीत आत गेला. बंद शटरसमोर उभं राहून बानूबाईनं सावकाश, चवीनं एक वडापाव खाल्ला. इतका गोड घास तिला लेकीच्या बारशालाही लागला नव्हता.

फीची तारीख मात्र टळली. नोंद दुरुस्त झाली तेव्हा पूनमची जागा जाऊन तीन आठवडे झाले होते. पूनम रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. आईनं वाढलेलं ती जेवायची, धुतलेला ड्रेस घालून कामावर जायची, पण आईशी एक शब्द बोलत नव्हती. असे चाळीस दिवस गेले.

मग एका रविवारी राबिया पेढे घेऊन आली. सायमाला शेवटच्या फेरीत प्रवेश मिळाला होता, त्याच कॉलेजात. ही जागा कुणी सोडलेली, हा हिशेब सगळ्यांच्या मनात आला. राबियाला पुडा कुठं ठेवावा कळेना.

"पोपटराव आले हुते घरी," राबिया खाली बघत म्हणाली. "म्हनले, पोराचं आयुष्य बरबाद हुईल. आपन दोघींनी तडजोड केली तर बाकीचे बी करतील. आमचे हे म्हनतात, सोडून द्या. बानूबाई, तुमी सांगाल तसं."

गेणबानं आशेनं बायकोकडं पाहिलं. बानूबाईनं आतल्या दाराकडं पाहिलं. पहिल्यांदाच तिला वाटलं की या सुडाचं मोल आपण दिलेलं नाही, तेव्हा बोलायचा हक्कही आपला नाही.

पूनम आतून आली. पुड्यातला एक पेढा उचलून तिनं पूर्ण खाल्ला, हात ओढणीला पुसला.

"सायमाला सांगा चाची, लई बरं वाटलं," ती म्हणाली. मग चाळीस दिवसांनी पहिल्यांदा आईकडं वळली. "तडजोड करायची न्हाई. कोर्टाची तारीख कवा हाय त्ये सांग, मी रजा टाकते."