वाहनतळावर सापडलेली वस्तू

आधीच स्पष्ट सांगते: हॅनोव्हरजवळच्या त्या कारखान्यात पाहुण्यांसमोर जो पडदा लालभडक झाला, तो माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाचाही त्यात दोष नाही. आता खुशाल हसा. फक्त चहा सांडू नका.

माझे जावई गिरीशराव तिथे संगणकसुरक्षा पाहत. कारखाना दुधाच्या बाटल्या भरणारी यंत्रे बनवी. तशीच यंत्रे इतरत्र स्वस्तात मिळत; मग यांची कुणी का घ्यावीत? गिरीशरावांचे उत्तर ठरलेले: "आमचं यंत्र बाहेरचा कुणी बंद पाडू शकत नाही." त्या काळी पेन ड्राइव्ह नुकते सर्वांच्या खिशात आले होते आणि त्यांच्यासोबत व्हायरसही. पण सुरक्षेला गिऱ्हाईक मिळते, हे त्यांचे साहेब हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) ब्रांट यांना काही केल्या पटेना.

त्या शनिवारी कारखाना कुटुंबीयांसाठी खुला होता. त्याच दिवशी हॉलंडच्या एका दूधसंघाच्या अधिकारी बाई यंत्रे पाहायला येणार होत्या. त्यांनी यंत्रे घेतली तर गिरीशरावांचा विभाग टिकणार; नाही तर त्याला टाळे.

पहाटे एकटेच कामावर निघताना ते मला म्हणाले, "आई, तिथे कशालाही हात लावू नका हं."

मला रागच आला. "गिरीशराव, हे वाक्य मी आयुष्यभर इतरांना ऐकवलं आहे."

माझी मुलगी रश्मी नको इतक्या लक्षपूर्वक खिडकीबाहेर पाहू लागली.

पुढे रश्मीने मला फाटकाशी उतरवले आणि ती गाडी लावायला गेली. वाहनतळ ओलांडते, तर पायाशी पेन ड्राइव्ह! आता तुम्हीच सांगा, शिक्षिकेने काय करावे? आमच्या शाळेत कंपासपेटी सापडली की ती उघडायची, आत नाव पाहायचे आणि प्रार्थनेनंतर पुकारायचे. स्वागतकक्षात चिटपाखरू नव्हते. कोपऱ्यात एक संगणक कंपनीची चित्रफीत दाखवत होता. निवृत्तीपूर्वी मी संगणकाचा वर्ग केला होता, आणि त्याचा मला जरा अधिकच अभिमान होता. आत नाव असेलच, अशा खात्रीने मी पेन ड्राइव्ह खोचला.

चित्रफीत गेली. पडदा लाल झाला. मी शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, शाई सांडलेल्या विद्यार्थिनीसारखी.

आत काय चालले होते, ते नंतर कळले. तसे बरेच पेन ड्राइव्ह गिरीशरावांनीच सकाळी आवारात टाकले होते. कुणी त्यातला एखादा जोडला की त्या संगणकाचे नाव यंत्रांच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर झळकणार, अशी ती चाचणी. कामगारांनी सापडलेले सगळे पेन ड्राइव्ह मुकाट्याने सुरक्षाविभागात नेऊन दिले. पण हॉलंडच्या बाई काही विरघळेनात. ही तर प्रश्नपत्रिका आधी फुटलेली परीक्षा, असे त्यांचे मत पडले. (मला हे फार पटले.) एवढ्यात तिथला पडदाही लालभडक झाला आणि अक्षरे उमटली: स्वागतकक्ष.

सगळे धावत आले. हेर ब्रांटनी काहीतरी कडक आवाजात विचारले. जर्मन मला येत नाही, पण तो प्रश्न मी असंख्य वर्गांत विचारला आहे. मी उभी राहिले.

"मीच केलं."

"आई?" गिरीशराव ओरडलेच.

बाईंनी मात्र इंग्रजीत नेमके विचारले: यंत्राचे काय झाले? सगळी वरात परत आत गेली; मी सर्वांत मागे, आयुष्यात पहिल्यांदाच. दारातूनच आवाज आला. बाटल्या भरत होत्या! बिघडलेला संगणक आपोआप इतरांपासून तोडला गेला होता आणि यंत्राला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

या आजी कोण, असे बाईंनी विचारले. गिरीशरावांनी खालच्या आवाजात नाते सांगितले. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, नाटक रचायचे असते तर त्यात कुणी सासूला घेतले नसते.

दुपारी सर्व ठरले. बाईंनी यंत्रे घेण्याचे मान्य केले. हेर ब्रांटनी विभाग कायम ठेवण्याचे. रात्री जेवताना घरचा ठराव मांडला गेला: पुढच्या वर्षी पेन ड्राइव्ह टाकू नयेत, नुसते आईंना आणून सोडावे. सूचक गिरीशराव, अनुमोदक रश्मी.

विरोध नोंदवण्यासाठी मी हात वर केला.

"आई," रश्मी म्हणाली, "तो हात खाली घे. त्याच्यामुळेच झालंय सगळं."

ठराव एकमताने संमत झाला.