साडूंचे उंदीर

मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर आमच्या साडूंइतका निरुपयोगी विद्वान दुसरा झाला नसेल. इंग्रज सरकारचा पगार खाणारे गुरांचे डॉक्टर. पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी मागच्या खोलीत पांढऱ्या उंदरिणी पोसायचे. त्यांना सुया टोचायच्या, मग चिरायचे, आणि बीजांडकोशांवर पाण्याचे फोड दिसले की भिंग डोळ्याला लावून हरखायचे. शरीरातले हार्मोन नावाचे रस कमीजास्त झाले की बीजांडकोशात फोड येतात, गाठी होतात, हे त्यांनी मला जेवताना इतक्यांदा समजावले, की त्या घरची भरली वांगी मला कायमची नकोशी झाली.

गर्भार बाईच्या लघवीत असा एक रस असतो हे वाचल्यापासून तर त्यांचा ताळच सुटला. माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला अमरावतीला आमच्या घरी आले ते रिकामी बाटली घेऊन. सगळ्या बायकांदेखत तिलाच म्हणाले, "सुमन, सकाळची ताजी पाहिजे मले. शिळी चालत नाही." माझ्या आईने त्यानंतर त्यांना पंक्तीला बोलावले नाही.

पुढे नदीकाठच्या एका भाजीवाल्या माळणीची गाय सारखी माजावर येऊ लागली. फळेना, नुसती हंबरायची. शेवटी खाटकाला द्यायचे ठरले. साडूंनी कोपरापर्यंत हात घालून गाय तपासली, बीजांडकोशात फोड असल्याचे सांगितले आणि गाळून काढलेला तो रस टोचला. बाटली कोणाची, हे मी विचारले नाही.

"वाचन का जी मायी गाय?" माळणीने विचारले.

"पाहू. सध्या इकू नको, मावशी."

गाय गाभण राहिली, व्यालीही. आता जन्मभर या गृहस्थाची फुशारकी ऐकावी लागणार म्हणून मी मनाची तयारी केली. माळीण चिकाचा गडवा घेऊन आली, तर हे तिलाच म्हणतात, "एका गाईवरून काय समजते? फोड कधीकधी आपोआप जिरते. माह्या सुईनं झालं असं नाही सांगता येत."

"असं काहून म्हन्ता, डाक्टरसाहेब? वासरू पाहाले तं चाला."

आम्ही सगळेच गेलो. साडूंना वारून आता बरीच वर्षे झाली. मला मात्र ते अजून तिथेच दिसतात. गोठ्यात उकिडवे बसलेले, वासरू त्यांची बोटे चोखते आहे. त्यांच्या बायकोने दोनदा हाक मारली, "चला आता." ते हो म्हणाले, आणि बसूनच राहिले.