लेनच्या बोटीचे दोर

सुमेध आणि आर्या,

सप्टेंबरच्या सुट्टीत तुम्ही कालगुर्लीहून इकडे मरी नदीवर येणार आणि आपण सगळे चार दिवस हाउसबोटीवर राहणार, हे एकदाचं ठरलं. बोट देणाऱ्यांनी सहा पानं नियम पाठवले आहेत. ते बघून सुमेधने परवा फोनवर विचारलं, "आजी, व्हाय सो मेनी रूल्स? इट्स जस्ट अ रोप." मी हसून विषय बदलला, कारण उत्तर लांब होतं. आता ती पाच वर्षांपूर्वीची गोष्ट लिहून काढते. मराठी वाचायला अडलं तर आईला विचारा, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

लेनची बोट त्या बुधवारी सकाळी तिसऱ्यांदा कललेली सापडली. ग्रँटने, म्हणजे माझ्या बॉसने, फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"सू, ही तिसरी वेळ. रिपोर्ट लिही. परमिट कॅन्सल करू."

माझं नाव सुनंदा आहे हे त्याला माहीत होतं. पण मरी नदीकाठच्या त्या छोट्या ऑफिसात सगळ्यांची नावं एका अक्षरावर यायची.

"तो माणूस राहतो त्या बोटीत," मी म्हटलं.

"म्हणूनच. बुडून मेला तर? आणि खरं सांगू? तो मुद्दाम करतोय."

मी तिथे मूरिंग ऑफिसर होते. मूरिंग म्हणजे बोट काठाला बांधून ठेवणं. बांधायच्या जागेलाही मूरिंगच म्हणतात. कोणी कुठे बांधायचं, किती दिवस, कसं, हे बघायचं माझं काम. एका वर्षात तीनदा बोट धोकादायक स्थितीत सापडली की परमिट रद्द, असा आमचा नियम होता. परमिट गेलं की बोट नदीच्या आमच्या पट्ट्यातून बाहेर न्यायची. पुढच्या पट्ट्यांत कायमच्या जागांसाठी वेटिंग लिस्ट होती. लेन चौऱ्याहत्तर वर्षांचा. जमिनीवर त्याचं घर नव्हतं.

त्याची बोटही वेगळी होती. तुम्ही ज्या हाउसबोटीवर राहणार ती तराफ्यासारखी रुंद असते, सहजी कलत नाही. लेन इंग्लंडच्या फेन्समधून आलेला. तो सपाट, पाणथळ मुलूख आहे, जिकडेतिकडे कालवे. तिथे असतात तशी लांब, अरुंद पोलादी बोट त्याने इथे स्वतः वेल्डिंग करून बांधली होती. रुंदी सात फूट. आत शिरलं की आगगाडीच्या पॅसेजमध्ये कोणी संसार मांडलाय असं वाटायचं.

ती कलायची कशी, ते सांगते. आमच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला विअर आहे, म्हणजे दारं असलेला बुटका बांध. खालच्या शेतांना पाणी हवं असेल तेव्हा पहाटे दारं उघडतात आणि आमच्याकडची पातळी हातभर उतरते. काठाच्या खांबांना दोर घट्ट बांधलेला असेल तर बोट पाण्याबरोबर खाली जाऊ शकत नाही. काठाकडची बाजू दोराला लटकते, नदीकडची बाजू खाली जाते. लेनच्या सिंकचा सांडपाण्याचा पाइप नेमका नदीकडच्या बाजूला होता. ते भोक पाण्याखाली गेलं की नदी उलटी सिंकमधून घरात.

दारं उघडणार असली की दोन दिवस आधी सगळ्यांना ईमेल जायची. लेनलाही जायची. वर्षभरात पाणी कितीतरी वेळा उतरलं होतं आणि काही झालं नव्हतं. मग गेल्या चार महिन्यांतच तीनदा का? ग्रँटचा तर्क सरळ होता. वरच्या अंगाला, क्लबजवळ, पाणी फारसं हलत नाही. तिथली जागा लेनने तीनदा मागितली, तीनदा नाकारली गेली. "आता तो आपल्याला दाखवतोय की ही जागा कशी वाईट आहे."

मला तो तर्क पटला, हे प्रामाणिकपणे लिहिते. जादा गोड बोलणाऱ्या माणसांवर आणि अजिबात न बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही, आणि लेन दुसऱ्या प्रकारचा होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा ईमेल आली. बुधवारी पहाटे दारं उघडणार. मंगळवारी चार वाजता मी न कळवता त्याच्याकडे गेले. तो डेकवर उकिडवा बसून दोर सोडत होता.

"बघायला आलीस?" तो म्हणाला. "बघ. दोर सैल करतोय. फोटो काढ हवा तर."

"काढणारच आहे," मी म्हटलं, आणि काढले. पुढची गाठ, मागची गाठ. हातभर ढील.

"आमच्याकडे पोरांना बुटाची नाडी बांधण्याआधी हे शिकवतात," तो म्हणाला. "मी सैल सोडतो, सू. कोणीतरी येऊन घट्ट करतं. तुझ्या साहेबाला सांगितलं मी."

ग्रँटने फाइलमध्ये एकच ओळ लिहिली होती: मालक शेजारणीवर आरोप करतो.

"कोण घट्ट करतं?"

त्याने हनुवटीने पलीकडे दाखवलं. तिकडे डेबीचा हाउसबोटींचा धंदा होता. बांधलेल्या बोटीजवळून जाताना इंजिन मंद करायचं असा नियम आहे, नाहीतर लाटेने ती काठावर आपटते. डेबीची गिऱ्हाइकं भरधाव जात आणि लेन दर वेळी आम्हाला फोन करी. शिवाय लेनची जागा डेबीला हवी होती, हे गावाला माहीत होतं.

मी डेबीकडे गेले.

"त्या म्हाताऱ्याच्या दोराला मी हात लावू?" ती म्हणाली. "त्याने तीन महिन्यांत मला गुड मॉर्निंग म्हटलेलं नाही. त्याला सांग, माझ्याकडे स्वतःच्या अकरा बोटी आहेत बांधायला."

हे उत्तरही मला जरा जास्तच तयार वाटलं. साडेचारला लेन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला क्लबवर गेला. मंगळवारी आणि गुरुवारी तो जायचा, तिथेच जेवायचा आणि गाठी दिसणार नाहीत इतका अंधार पडल्यावर परतायचा. मीही घरी गेले. माझ्या वहीत आता दोन संशयित होते.

बुधवारी सकाळी सात वाजता पोचले तर बोट कललेली. लेन मोज्यांवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, बादलीने स्वयंपाकघरातलं पाणी काढत होता. पलंगाखालची खोकी भिजली होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "गाठी बघ."

मी कालचे फोटो उघडून ताडून पाहिलं. काल दोराला दोन वेढे आणि दोन अडकवण्या होत्या, टोक डेकवर मोकळं. आता तीच गाठ निराळ्या हाताची होती, ढील पूर्ण ओढून घेतलेली. आणि दोराचं उरलेलं टोक काठावर गोल गुंडाळून ठेवलं होतं. चकलीसारखं, सपाट, डावीकडून उजवीकडे, शेवट आतल्या बाजूला.

"डेबीच," लेन म्हणाला.

मी त्या गुंडाळीचाही फोटो काढला. डेबीच्या अकरा बोटींपैकी एकीचीही दोरी गुंडाळलेली मी पाहिली नव्हती. त्या आख्ख्या पट्ट्यात तसा दोर गुंडाळणारी एकच बाई होती, ती म्हणजे मी. आणि मी शिकवलेली माणसं.

ऑफिसात येऊन मी अश्विनीला गाठलं. अश्विनी आमची नवी पेट्रोल ऑफिसर, म्हणजे काठावर गस्त घालणारी. पुण्याची, शहरात क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टार्निटला घर आणि रोजचा दोन तासांचा प्रवास, त्याला कंटाळून इकडे आली. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात, खिरीच्या रांगेत आमची ओळख झाली आणि नोकरीची जाहिरात मीच तिला पाठवली होती. तिला लागून चार महिने झाले होते.

"अश्विनी, मंगळवार-गुरुवारची संध्याकाळची राउंड तुझी ना?"

"हो काकू. का?"

"लेनची बोट. चौथा खांब. काल काय पाहिलंस?"

"अहो, ते आजोबा," ती म्हणाली. "गोड आहेत, पण दोर असे सोडून जातात ना. काल तर एवढा सैल होता, बोट पार मधे आली असती. मी बांधून दिला."

"काल."

"आधीही दोन-तीनदा. का, काय झालं?"

"रजिस्टरमध्ये का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "लिहिलं तर नोटीस निघते ना काकू. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर कशाला? म्हटलं, एवढंसं काम, आपणच करून टाकावं. तुमच्या शीटवर तर लिहिलंय."

तिने भिंतीवरचं शीट दाखवलं. बोट कशी बांधावी. ते मी तयार केलं होतं, अभिमानाने लॅमिनेट केलं होतं. तिसरी ओळ: दोर नेहमी ताठ ठेवा, सैल दोरामुळे बोट प्रवाहात येते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर भाड्याच्या हाउसबोटी होत्या. एक रात्र थांबणाऱ्या, रुंद, माणसांनी भरलेल्या. 'नेहमी' हा शब्द घालताना मी विअरचा विचार केला नव्हता.

सगळं जागच्या जागी बसलं. ईमेल आली की लेन जादा ढील सोडायचा. दोर जादा सैल दिसला की अश्विनी तो ओढायची. म्हणजे तो जेवढी काळजी घेई, तेवढा अडके. आणि चौकशी चालू असताना पेट्रोलच्या माणसांशी बोलायचं नाही, असा ग्रँटचा हुकूम असल्यामुळे तिला कोणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. तिचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर होतं.

"माझी नोकरी जाईल का?" तिने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"जायचीच असेल तर आधी माझी जाईल. बस. सगळ्या तारखा आठवून लिहून दे."

रिपोर्टमध्ये 'कारण' असा रकाना असतो. त्यात मी लिहिलं: कार्यालयाची चुकीची सूचना, लेखिका मी, पेट्रोलने केलेली, नोंद न झालेली मदत. ग्रँटने वाचलं.

"सू, इथे स्वतःचं नाव घालत नाहीत."

"रकाना कारणाचा आहे. कारण मी आहे."

"वर पाठवलं तर प्रश्न येतील."

"येऊ देत. नाही पाठवलंस तर लेनचा वकील विचारेल."

"त्याच्याकडे वकील आहे?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि सही केली. लेनच्या नावावरच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. मला आणि अश्विनीला एकेक ताकीद मिळाली. माझी मी फाइलला लावली, तिची तिने आईपासून लपवली.

लेनकडे आम्ही दोघी गेलो. अश्विनीने इंग्रजीत सॉरी म्हणायला सुरुवात केली आणि मधेच तिला रडू आलं. लेनने सगळं ऐकून घेतलं.

"लेखी देणार का?" त्याने विचारलं.

मी पत्र पुढे केलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मग अश्विनीला म्हणाला, "गाठ चांगली बांधतेस. नको तिथे बांधतेस."

डेबीची माफी मात्र त्याला मागावी लागली. ती "नो वरीज" म्हणाली. कोणत्या सुरात म्हणाली ते तुम्ही ऐकायला हवं होतं. आजही ते एकमेकांना फक्त मान हलवून ओळख देतात.

शीट मी नवीन लिहिलं. 'नेहमी' काढलं. दोर बांधण्याआधी पाणी चढणार की उतरणार ते विचारा, असं घातलं. सुमेध, तुझ्या सहा पानांतलं चौथं पान ते. त्याखाली पेट्रोलसाठी एक ओळ वाढवली: दुसऱ्याच्या दोराला हात लावलात तर लिहून ठेवा, भलं करायला लावला असेल तर नक्कीच. मी दोन माणसांवर आठवडाभर संशय घेतला आणि जिला एक प्रश्न विचारायचा तिला विचारला नाही. हे मात्र कुठल्या शीटवर घालता येत नाही.

पुढच्या महिन्यात लेनने खांबांना उभे पाइप वेल्ड केले आणि त्यांत सरकत्या कड्या घातल्या. दोर कडीला बांधायचा. पाणी उतरलं की कडी खाली येते, चढलं की वर जाते. तिथे कोणी कितीही घट्ट बांधलं तरी बोट कलत नाही.

लेन आता एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि त्याच बोटीत राहतो. त्याने आपल्या आणि आजूबाजूच्या खांबांना मिळून बारा कड्या बसवल्या होत्या. एक गंजून तुटली, अकरा शिल्लक आहेत, आणि त्या अजून सरकतात.