डोंगराएवढी वीट

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, आणि मीसुद्धा आत्ता कुठे शहापूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा माणसानं असं काही लिहायला बसावं का—मला ठाऊक नाही. पण ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं.

गोष्ट ग्रह गोल का असतात याची आहे. हसू नका.

मी नववीत होतो, डोळखांबकडच्या आमच्या शाळेत. विज्ञानाच्या सरांनी उत्तर लिहून दिलं—गुरुत्वाकर्षणामुळे ग्रह गोल असतात. एक ओळ. खाली रेघ मारा, पुढचा प्रश्न. तेव्हा वनिता उभी राहिली. वनिता ओढ्यापलीकडच्या पाड्यातली. दिवाळी झाली की आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष चिखल. ती म्हणाली, "सर, मंग ते लघुग्रह बटाट्यावानी वाकडे का? त्यांना नाय का गुरुत्वाकर्षण?"

किती चांगला प्रश्न होता! आणि सर काय म्हणाले? "तुमच्या विटा चौकोनी असतात ना? तेवढं कळलं तरी तुला पुष्कळ झालं."

वर्ग हसला. मीही हसलो. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. हसणं त्यामानानं काहीच नाही.

शाळा सुटल्यावर ओढ्यापर्यंत आमची वाट एकच होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, ती विचार करत होती. ओढ्याजवळ आल्यावर थांबली. "सर बोलले त्यात हाय रे काय तरी," म्हणाली. "ईट बारकी हाय म्हणून चौकोनी ऱ्हाते. आता चिखलाचा ढीग घरायवढा कर नि त्याला कोपरे काढून दाव. ऱ्हातील? सोताच्याच वजनानं बसतो तो. आमी रोज बघतो. आता डोंगरायवढी ईट पाड. त्याच्याहून मोठी पाड. दगडाची असली तरी बसंल."

मी म्हटलं, बसेल तर पसरेल, गोल कशी होईल?

"पसरंल कुठं? हितं खाली जमीन हाय म्हणून पसरतो. ग्रहाला खाली म्हंजे त्याचं मधलं पोट. समदीकडून मधीच ओढ. जो कोपरा वर निघंल तो खाली बसंल. नि लघुग्रह बारका, त्याची ओढ बी बारकी. ईटच ती!"

तिनं हे कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. एका टोमण्यातून काढलं होतं तिनं. सरांनी तोंडावर मारलेली वीट उचलून तिचंच उत्तर केलं. आणि मी? मी ते नीट लक्षात ठेवलं.

सहामाहीत तोच प्रश्न आला. मी पुढच्या बाकावर, ती मागच्या. मी तिचं सगळं शुद्ध भाषेत लिहिलं—चिखलाचा ढीग, डोंगराएवढी वीट, सगळं. तिनंही लिहिलं, तिच्या भाषेत. उत्तराला तिचं नाव लावणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. पण "हे मला वनितानं सांगितलं," एवढं सरांना सांगायला काय लागत होतं? त्यासाठी पेपर कशाला हवा?

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी. "कुणी कुणाचं बघितलं?"

मला आजही त्या माणसाचा राग येतो. माझ्या घरी भातशेती. आमच्यात कुणी जन्मात वीट पाडलेली नाही. मग माझ्या पेपरात वीट आली कुठून—हा साधा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पडू नये? तिला तर तो पडला. ती सरळ म्हणाली, "सर, ईट मी पाडते. त्यानं कवा पाडली?"

"उलट बोलतेस?" सर माझ्याकडे वळले. "तू सांग रे."

आता सांगतो. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतोय. मी म्हटलं, "तिनं बघितलं असेल, सर. ती माझ्या मागेच बसते."

बघितलं असेल! धड खोटं बोलायचीही हिंमत नव्हती माझ्यात. पळवाट ठेवून खोटं बोललो—म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर म्हणता येईल, मी कुठे 'बघितलं' म्हणालो? सरांनी तिच्या पेपरावर लाल शाईनं 'नक्कल' लिहिलं आणि गोल शून्य काढलं. तिनं पेपर उचलला, घडी घातली, गेली. माझ्याकडे बघितलं का? मला माहीत नाही. मी खाली बघत होतो.

दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली. जूनमध्ये आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'सतत गैरहजर' पडलं. गावातले शहाणे म्हणाले, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. मी हे ऐकलं आणि गप्प बसलो. आवड नाही? अख्ख्या वर्गात खरा प्रश्न विचारणारी ती एकटी होती! बाकीचे आम्ही रेघा मारत होतो.

आणि मी कुठे पोचलो? तेच उत्तर घेऊन विज्ञान प्रदर्शनात. परातीत चिखलाचा मोठा ढीग आणि शेजारी एक छोटी वीट. तालुक्याला निवड झाली, मग जिल्ह्याच्या प्रदर्शनाला, मुरबाडला. प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी त्याला काच बसवून देवाच्या फोटोशेजारी लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई अजून दाखवते. ते काढून टाकावं असं मला दर सुट्टीत वाटतं. दर सुट्टीत ते तिथेच असतं.

तुम्ही म्हणाल, पोर होतास. नव्हे. मागच्या महिन्यात कॉलेजात मॅडम शिकवत होत्या—वस्तुमान पुरेसं मोठं झालं की खडकही स्वतःच्या वजनापुढे टिकत नाही, गोल होत जातो. मंगळाचे चंद्र मात्र लहान, म्हणून वेडेवाकडे. "रोजच्या जगण्यातलं उदाहरण कोण देईल?" त्यांनी विचारलं. माझा हात वर गेला. मी वीट सांगितली. मॅडम म्हणाल्या, "वा! स्वतः विचार केलास तू." आणि मी मान डोलावली. वीस वर्षांचा मी, समोर कुणी धमकावणारं नव्हतं, कुणी पेपर धरून उभं नव्हतं—तरी डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी माझा चुलतभाऊ खोलीवर आला. त्याला मी दादा म्हणतो. तो टेम्पो चालवतो, भट्ट्यांवरून विटा उचलतो. बसल्या बसल्या म्हणाला, "वनी भेटली रे, तुझ्या वर्गातली. कडेवर पोर हाय. दुपारच्याला भट्टीवरची बारकी पोरं गोळा करून शिकवते. चिखलाचे ग्रह केलेले. मी बोललो, कुठं शिकलीस गो हे? तं बोलली, तुज्या भावानं लिवलंतं पेपरात, मी त्याचं बघून लिवलेलं."

दादाची छाती फुगली होती. मी विचारलं, हसत म्हणाली का?

"नाय रे," तो म्हणाला. "साधंच बोलली. पोरांना बी तसंच सांगते."